चित्रपटनिर्मितीसाठी करसवलती (अमेरिकेतील राज्यांच्या)

चित्रपटनिर्मितीसाठी करसवलती : चित्रीकरण आपल्या हद्दीत व्हावे, म्हणून निर्मात्याने तेथे केलेल्या खर्चाचा काही हिस्सा करवजावट, रोख परतावा किंवा अनुदान म्हणून त्याला परत देण्याची अमेरिकेतील घटक राज्यांची योजना. हा हिस्सा बहुधा २० ते ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. मिशिगनने तो ४२ टक्क्यांपर्यंत नेला होता. दोन दशकांत या सवलतींवर राज्यांनी मिळून २,५०० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम घालवली, असा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा अंदाज आहे. त्या राज्यात राहून कर भरणाऱ्याच्या पदरात यातून काय पडते, हा वादाचा विषय. राज्यांच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी व महसूल खात्यांनी केलेले हिशेब मात्र फारसे वादग्रस्त नाहीत : तिजोरीतून गेलेल्या डॉलरपैकी थोडेच सेंट कररूपाने परत येतात.

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेल्या दोन गोष्टींहून ही योजना वेगळी आहे. चित्रपट ‘टॅक्स फ्री’ होतो तेव्हा तिकिटावरील कर सुटतो आणि लाभ प्रेक्षकाला मिळावा अशी अपेक्षा असते. राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते ते भाषा आणि दर्जा पाहून. जॉर्जिया किंवा लुइझियाना राज्याला चित्रपटाच्या दर्जाशी कर्तव्य नसते. पावती आपल्या राज्यातील आहे की नाही, एवढेच तपासले जाते.

उगम : १९९०च्या दशकात कॅनडाने करसवलती देऊन हॉलिवूडची कामे व्हँकूव्हर आणि टोरंटोकडे ओढली. लुइझियानाने १९९२ मध्ये एक मर्यादित सवलत आणली होती. तिचा खरा विस्तार २००२ मध्ये झाला. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोनेही परताव्याची योजना सुरू केली. शेजारी देतो म्हटल्यावर आपण मागे कसे राहायचे, या न्यायाने २०१०च्या सुमारास चाळीसहून अधिक राज्ये या शर्यतीत उतरली होती. धंद्याचे स्वरूपही त्याला पोषक होते. गाडीचा कारखाना उचलून नेता येत नाही, पण चित्रपटाचे बिऱ्हाड दोन आठवड्यांत हलते. ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेची मूळ कथा कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडमध्ये घडणार होती. सवलतीपायी चित्रीकरण न्यू मेक्सिकोत गेले आणि कथाही तेथील अल्बुकर्कीत जाऊन बसली.

कार्यपद्धती : जॉर्जियाची योजना सर्वांत मोठ्यांपैकी एक. २००५च्या कायद्यात २००८ मध्ये बदल होऊन तिला आजचे रूप आले. राज्यात किमान ५ लाख डॉलर खर्च केल्यास २० टक्के वजावट मिळते. श्रेयनामावलीत जॉर्जियाचे पीच फळाचे बोधचिन्ह दाखवले की आणखी १० टक्के. एकूण रकमेवर वरची मर्यादा नाही. एखाद्या कंपनीने तेथे १ कोटी डॉलर खर्च करून बोधचिन्हही दाखवले, तर तिला ३० लाखांची वजावट मिळते. पण अशी कंपनी बहुधा एका चित्रपटापुरती काढलेली असते आणि जॉर्जियाला देण्याजोगा तिचा आयकर नगण्य असतो. मग वजावटीचे करायचे काय? ती विकायची. कायदा हस्तांतरणाची मुभा देतो. दलाल गिऱ्हाईक शोधतात. राज्यात भरपूर कर भरणारी एखादी कंपनी किंवा धनिक व्यक्ती डॉलरमागे ऐंशी-नव्वद सेंट मोजून वजावट घेते आणि आपला कर तेवढा कमी भरते. राज्याचा महसूल पूर्ण ३० लाखांनी घटतो, निर्मात्याला त्याहून कमी मिळतात आणि मधली रक्कम खरेदीदार व दलाल वाटून घेतात. या मधल्या रकमेचा चित्रीकरणाशी काडीचाही संबंध नसतो.

पगारांच्या बाबतीत आणखी एक पळवाट आहे. वेतनपत्रकावरील व्यक्तीचे ५ लाख डॉलरपर्यंतचेच वेतन वजावटीसाठी धरले जाते. परंतु मोठे नट स्वतःच्या नावाची कंपनी काढून तिच्यामार्फत करार करतात आणि अशा कंपनीला दिलेल्या पैशावर ही मर्यादा लागू होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या नटाच्या मानधनाचा सुमारे तिसरा हिस्सा अशा रीतीने जॉर्जियाचा करदाता उचलतो.

हिशेब : पैसे परत का येत नाहीत, हे समजायला अर्थशास्त्री लागत नाही. खर्चाच्या प्रत्येक डॉलरवर राज्य ३० सेंट देते. त्याचा स्वतःचा आयकर मात्र पाच-सहा टक्के. म्हणजे तोच डॉलर राज्याबाहेर न जाता पाच-सहा हातांतून फिरावा आणि दर वेळी त्यावर पूर्ण कर बसावा, तेव्हा कोठे तोंडमिळवणी होणार. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग पहिल्याच फेरीत बाहेरून आलेल्या नट, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञांबरोबर निघून जातो. जॉर्जियाच्या लेखापरीक्षण खात्यासाठी २०२३ मध्ये झालेल्या मूल्यमापनात डॉलरमागे १९ सेंट परतावा निघाला. मेरिलँडच्या विधिमंडळ सेवा विभागाने २०१४ मध्ये राज्याला ६ आणि स्थानिक संस्थांना ४ सेंट असा हिशेब मांडला.

याच्या उलट आकडेही सापडतात, आणि ते कोणी काढून घेतले हे पाहण्यासारखे असते. न्यू मेक्सिकोच्या एकाच योजनेवर लागोपाठ दोन अहवाल आले. तेथील राज्य विद्यापीठाच्या २००८च्या अभ्यासात डॉलरमागे सुमारे साडेचौदा सेंट परत येत होते. राज्य सरकारने अर्न्स्ट अँड यंग या लेखा-सल्लागार कंपनीकडून करवून घेतलेल्या २००९च्या अहवालात दीड डॉलर. दुसऱ्या अहवालात पर्यटन, स्टुडिओंतील भांडवली गुंतवणूक आणि स्थानिक संस्थांचे करही जमेस धरले होते. अमुक चित्रपट पाहून अमुक इतके पर्यटक आले, हे सिद्ध करणे अवघड आणि खोडून काढणेही अवघड. म्हणून ही बाब फुगवायला सोयीची.

दोन वजाबाक्या अशा अहवालांतून हमखास गळतात. एक, सवलत नसतानाही जे चित्रीकरण झालेच असते त्याची. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळ विश्लेषक कार्यालयाच्या अंदाजानुसार तेथील पहिल्या योजनेत सवलत मिळालेल्या प्रकल्पांपैकी सुमारे एकतृतीयांश बहुधा तसेही त्याच राज्यात झाले असते. दुसरी, सवलतीचा पैसा जेथून आला त्या ठिकाणची. केंद्र सरकारप्रमाणे राज्यांना वर्षानुवर्षे तूट रेटता येत नाही. जवळजवळ सर्वांवर अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे. निर्मात्याला दिलेले पैसे म्हणजे शाळा, रस्ते, रुग्णालये यांतून कापलेले किंवा इतरांकडून जास्त घेतलेले पैसे. मॅसॅच्युसेट्सचे महसूल खाते आपल्या अहवालांत या दोन्ही वजाबाक्या करते आणि योजना तोट्यातच दाखवते. तरीही तेथील विधिमंडळाने २०२१ मध्ये ती कायमस्वरूपी केली.

लाभार्थी : योजनेचा लाभ कोणालाच होत नाही, असे मात्र नाही. अटलांटाजवळ फेएटव्हिल येथे ट्रिलिथ स्टुडिओ उभा राहिला, फोर्ट मॅकफर्सन या जुन्या लष्करी तळावर चित्रपटनिर्माते टायलर पेरी यांचा स्टुडिओ आला. सुतार, वीजतंत्रज्ञ, रंगभूषाकार, वाहनचालक, जेवण पुरवणारे अशा हजारोंचे पोट या कामावर चालते आणि कौशल्यही अंगी येते. पण हा लाभ ठरावीक लोकांना ठळक मिळतो आणि भार लाखो करदात्यांत विरून जातो. वजावट वाचवायला पहिले लोक विधिमंडळात हजर असतात. दुसऱ्यांना ती आहे हेही ठाऊक नसते. अर्थशास्त्रज्ञ पॅट्रिक बटन यांच्या अभ्यासात सवलतींमुळे मालिकांचे चित्रीकरण वाढलेले आढळले, चित्रपटांवर परिणाम अल्प आणि उद्योगातील रोजगारावर लक्षणीय परिणाम नाही. याच विषयाचे अभ्यासक मायकल थॉम यांचाही निष्कर्ष फारसा वेगळा नाही.

गैरप्रकार व अपयश : आयोवात सवलतीच्या पैशातून आलिशान मोटारी घेतल्याचे २००९ मध्ये उघड झाले, गव्हर्नर चेट कल्व्हर यांनी योजना थांबवली आणि पुढे ती रद्द झाली. मिशिगनमध्ये पाँटिअॅक येथे जनरल मोटर्सच्या जुन्या जागेत स्टुडिओ उभारला गेला, त्याच्या कर्जरोख्यांना राज्याच्या निवृत्तिवेतन निधीची हमी होती. २०१२ मध्ये स्टुडिओचा हप्ता थकला आणि तो शिक्षक व सरकारी नोकरांच्या निधीतून भरावा लागला. मिशिगनने २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. मेरिलँडचा प्रसंग काहीसा गमतीचा : तेथे चित्रित होणाऱ्या ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेच्या निर्मात्यांनी २०१४ मध्ये जास्त सवलत मागत राज्य सोडण्याचा इशारा दिला, तेव्हा कनिष्ठ सभागृहाने त्यांची मालमत्ता सक्तीने संपादित करण्याची तरतूद मंजूर केली. ती कायद्यात उतरली नाही, पण आपण पोसलेलाच आपल्याला वेठीस धरतो ही सदस्यांची भावना तीतून पुरेशी कळली.

सद्यःस्थिती : लुइझियानाने आपली वार्षिक मर्यादा २०२५ पासून १२.५ कोटी डॉलरांवर आणली. जॉर्जियात निर्मात्यांचा खर्च २०२२च्या आर्थिक वर्षात ४४० कोटी डॉलर होता. हॉलिवूडमधील लेखक-कलाकारांच्या संपानंतर, २०२४च्या आर्थिक वर्षात तो २६० कोटींवर आला. मार्व्हलसारखे मोठे गिऱ्हाईक ब्रिटनकडे वळले, कारण तेथील सवलत आणि मजुरी परवडते. वजावटीच्या हस्तांतरणावर मर्यादा घालणारे विधेयक २०२४ मध्ये जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सेनेटमध्ये अडकले. दुसरीकडे, ज्यांच्याकडून ही कामे पळवली जात होती त्या राज्यांनीच आता बोली वाढवली आहे. न्यूयॉर्कची वार्षिक मर्यादा २०२३ मध्ये ४२ कोटींवरून ७० कोटींवर आणि २०२५ मध्ये ८० कोटींवर गेली. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये आपली ३३ कोटींवरून ७५ कोटी डॉलर केली.