बुऱ्हाणपूरचे बोहरे आणि बहिष्काराचा प्रश्न

आम्स्टरडॅमच्या ज्यूंचा इतिहास विलक्षण आहे. स्पेन-पोर्तुगालमधील धर्मच्छळातून निसटलेल्या या लोकांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे व्यापार वाढविला, पाठशाळा स्थापिल्या; आणि त्यांच्याच पंचांनी २७ जुलै १६५६ रोजी तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला वाळीत टाकले. छळ सोसलेला समाज आपल्याच माणसावर दार का लावतो, हा प्रश्न तापीकाठच्या आमच्या बुऱ्हाणपुरासही परका नाही.

दाऊदी बोहरे हे इस्माइली शिया. मुख्यतः गुजराती व्यापारी. व्यवहार करणारा तो वोहरा, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आम्स्टरडॅमकरांनी पोर्तुगीज भाषा जपली, तशी यांनी गुजराती जपली. मात्र तिला अरबी लिपी व अरबी शब्दांचा साज चढविला. छळही यांच्या वाट्यास आला. औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, १६४६ साली, त्यांचे बत्तिसावे धर्मगुरू, म्हणजे दाई, कुतुबुद्दीन यांचा अहमदाबादेत पाखंडी म्हणून वध झाला. पुढे गादी जामनगरास व तेथून उज्जैनीस गेली.

मलमल आणि जरीच्या या पेठेशी बोहऱ्यांचा संबंध जुना आहे. येथे १७३० साली निवर्तलेले अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचा दर्गा आजही दूरदूरच्या यात्रेकरूंना खेचून आणतो. उदगीरनंतर, १७६० साली, शहर पेशव्यांकडे आले आणि १७७८ साली शिंद्यांकडे गेले. त्यानंतर लवकरच एकेचाळिसाव्या दाईंनी आपली गादी येथे आणली. ती थोडीच वर्षे टिकली व सुरतेस गेली. तथापि मराठ्यांच्या अमलातील एक शहर एका पंथाचे मुख्यपीठ झाले होते, याची आमच्या इतिहासलेखनाने पुरेशी दखल घेतलेली नाही.

विसाव्या शतकात याच शहरातून ‘बुऱ्हाणपूर दर्गा खटला’ उद्भवला. बहिष्कृताला मशीद, दर्गा, दफनभूमी सारेच बंद. मग दाईंचा हा अधिकार कोठवर चालतो? प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली अधिकार मान्य केला, पण तो निरंकुश नाही असे ठरविले. दोष सांगावा, सुधारण्यास अवसर द्यावा, जमातीसमोर कारण जाहीर करावे. ही रीत न पाळल्याने त्या खटल्यातील बहिष्कार अवैध ठरला. हजारो कोसांवर बसलेल्या न्यायाधीशांनी पंथाच्याच परंपरेतून ही मर्यादा शोधली, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे मुंबई सरकारने १९४९ साली बहिष्कारावर सरसकट बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, सरन्यायाधीश सिन्हा यांच्या विरोधी मतानिशी, तो कायदा रद्द केला. एकाने अधिकारच पुसला, दुसऱ्याने तो धर्मस्वातंत्र्याच्या आश्रयास ठेवला. आमच्या मते १९४७ चा मधला मार्ग अधिक न्याय्य होता: समाजाचे कुंपणही राहते आणि कुंपणाबाहेर जाणाऱ्याचे म्हणणेही ऐकले जाते. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार मागणारे प्रकरण १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविले.