वेरोनाच्या दफ्तरापासून उस्मानाबादच्या खेड्यांपर्यंत

श्रोतेहो, इतिहासाचा अभ्यासक जुनी दफ्तरे चाळतो ती बहुधा राजेरजवाड्यांसाठी. आजच्या दफ्तरात राजा नाही, तह नाही. नुसत्या मृत्यूच्या नोंदी आहेत. इटलीतल्या वेरोना शहरी १७६० ते १८३९ या काळात कोण कशाने मेले, हे लिहून ठेवलेले होते. रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने त्या नोंदी तपासल्या आणि १८४२ साली निष्कर्ष मांडला, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत व विधवांत पुष्कळ आढळतो. मठात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनींत मात्र फार थोडा. कारण काय, ते त्याला ठाऊक नव्हते. पण रोगाचा संबंध स्त्रीपुरुषांच्या सहवासाशी असावा, हा धागा त्यातून हाती आला.

या धाग्याचे पुढे दोन उपयोग झाले. शास्त्रज्ञांनी त्यावरून कारण शोधले. लोकांनी मात्र त्यावरून बाईच्या वागणुकीकडे बोट दाखवले. कोण बरोबर होते, ते आता पाहू.

कारण सापडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. एखादा विषाणू असणार, असा तर्क होता. पण कोणता, यावर वाद. हाराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या नेहमीच्या चामखिळीच्या विषाणूंच्या कुळाकडे लक्ष वेधले. पुष्कळांना ते पटले नाही. पण त्याच्या प्रयोगशाळेला १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या कुळातला सोळावा प्रकार सापडला, १९८४ साली अठरावा. या रोगाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर रुग्णांत हे दोनच प्रकार कारण असतात. २००८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा विषाणू करतो तरी काय? आपल्या शरीरातली पेशी मनाला येईल तशी वाढत नाही, बरं का. ‘वाढ’ असा निरोप आला तर वाढते, ‘थांब’ म्हटले की थांबते. बैलाला वेसण असते तशी पेशीलाही एक वेसण आहे. तिचे नाव आर-बी प्रथिन. शिवाय गावात जागल्या असावा तसे एक प्रथिन पहाऱ्याला असते, त्याला पी-५३ म्हणतात. पेशीच्या जनुकांत बिघाड दिसला की हा जागल्या तिची वाढ रोखतो. बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो.

विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला वाढती पेशी हवी असते. म्हणून त्याचे ई-७ नावाचे प्रथिन वेसण सोडवते, आणि ई-६ हे प्रथिन जागल्याला पेशीच्याच कचराकुंडीत लोटून नष्ट करवते. १९८९ आणि १९९० साली हे उघड झाले. आता ‘थांब’ हा निरोप आला तरी ऐकणारा कोणी नाही! बिघाडावर बिघाड साठत जातात आणि वर्षानुवर्षांनी त्यातल्या एखाद्या पेशीचा कर्करोग होतो.

याचा एक विलक्षण पुरावा आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री या रोगाने वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या गेल्या, आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत वाढत आहेत. त्यांत अठराव्या प्रकारचा विषाणू निघाला. २००० साली शास्त्रज्ञांनी त्या पेशींतली ई-६ व ई-७ ही जनुके बंद केली. जवळजवळ पन्नास वर्षे न थांबलेल्या पेशी थांबल्या! म्हणजे वेसण तुटलेली नव्हती, जागल्या नाहीसा झालेला नव्हता. विषाणू त्यांना डोके वर काढू देत नव्हता, इतकेच.

हे झाले प्रयोगशाळेतले ज्ञान. खेड्यातल्या बाईला त्याचा काय उपयोग, याची परीक्षा खेड्यातच व्हायला हवी होती. ती झाली आपल्या मराठवाड्यात. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. एका गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी केली; दोन गटांची दुसऱ्या रीतींनी; चौथ्या गटाला नेहमीची सेवाच मिळाली. २००९ साली निकाल आला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. आणि चौथ्या गटात स्त्रिया काहीशा कमीच होत्या. त्या गटाला तपासणीविना ठेवले यावर पुढे टीका झाली, आणि ती गैर म्हणता येणार नाही. जगाला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत आपल्या खेड्यांतल्या बायकांनी दिली आहे.

म्हणूनच त्याचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना मिळाला पाहिजे. आड येते ती लाज. तेव्हा हे नीट ध्यानात घ्या, की हा विषाणू इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. पुष्कळदा नवऱ्याकडूनच बायकोला. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात. यात वागणुकीचा न्यायनिवाडा कसला करायचा? ही वर्षे म्हणजे उपाय करायला मिळालेली सवड आहे.

तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी विषाणूची तपासणी करावी. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना लस द्यावी. ती जगात २००६ पासून आहे, आणि पुण्यात तयार झालेली लस २०२३ साली बाजारात आली. लस घेतली तरी पुढे तपासणी सोडू नये. पाळी गेल्यावर रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावर गेले, तर घरात दडवू नये, दवाखाना गाठावा. आणि गुरुजनहो, सातवी-आठवीच्या मुलींच्या आयांना शाळेत बोलावून एवढे जरी सांगितलेत, तरी पुष्कळ घरांतली आई वाचेल.