गुलाम महिलेचा खटला लढवला, पुढे न्यायाधीश झाले! कोण होते थिओडोर सेजविक?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळात एकच माणूस वकील, आमदार आणि पुढे न्यायाधीश होणं नवं नव्हतं. मॅसॅच्युसेट्स राज्यातले थिओडोर सेजविक त्यांपैकीच एक. पण आज ते आठवले जातात ते १७८१ च्या एका खटल्यामुळे. काय होता हा खटला?

वकिली कशी सुरू झाली?

सेजविक यांचा जन्म १७४६ मध्ये कनेक्टिकटमध्ये झाला. येल कॉलेजचं शिक्षण अर्धवट राहिलं. तेव्हा लॉ कॉलेजेस नव्हती, ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीच कायदा शिकावा लागे. तसं शिकून १७६६ मध्ये ते वकील झाले.

१७७३ मध्ये शेफिल्ड गावाने ब्रिटिश सत्तेविरुद्ध ठराव केला. माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, असं त्यात म्हटलं होतं. तो तयार करणाऱ्या समितीत सेजविक होते आणि बैठका कर्नल जॉन अॅशली यांच्या घरी झाल्या. त्याच घरात बेट नावाची महिला गुलाम म्हणून राबत होती.

खटला काय होता?

१७८० मध्ये राज्याची घटना लागू झाली. सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं कलम त्यात होतं. हे आपल्यालाही लागू व्हायला हवं, म्हणून बेट सेजविक यांच्याकडे गेली. अॅशलींचा दुसरा गुलाम ब्रॉम हाही खटल्यात सामील झाला.

सेजविक आणि टॅपिंग रीव्ह या वकिलांचा मुद्दा सरळ होता : घटना असं म्हणत असेल, तर राज्यात गुलामगिरीला जागाच उरत नाही. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्युरीने दोघांना स्वतंत्र ठरवलं आणि ३० शिलिंग भरपाई देण्यास सांगितलं. अॅशलींनी अपील केलं, पण नंतर मागे घेतलं. १७८३ मध्ये क्वोक वॉकर प्रकरणात राज्याच्या सरन्यायाधीशांनीही हीच भूमिका घेतली. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नव्हती.

मग राजकारणात काय केलं?

सेजविक काही सर्वसामान्यांचे लाडके नेते नव्हते. १७८६-८७ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड करून कोर्टं बंद पाडली, तेव्हा ते ठामपणे सरकारच्या बाजूने राहिले. बंडखोरांनी त्यांचं घर लुटलं. १७८८ मध्ये ते राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांनी अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांत काम केलं आणि १७९९ ते १८०१ या काळात प्रतिनिधीगृहाचं अध्यक्षपदही सांभाळलं. १८०२ पासून १८१३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

बेटचं पुढे काय झालं?

तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. अॅशलींकडे न परतता तिने सेजविक यांच्या घरी पगारावर काम केलं आणि पुढे स्वतःचं घर घेतलं. १८२९ मध्ये तिचं निधन झालं. स्टॉकब्रिजमध्ये सेजविक कुटुंबाच्या दफनभूमीत तिची कबर आजही आहे.