कंसातली अर्धशिशी
१७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लशीनंतरच्या धोक्याच्या लक्षणांची सूचना प्रसृत केली, विशेषतः कोविशील्डसंदर्भात. रक्तगुठळ्यांची संभाव्य प्रकरणे २६ आढळली होती. दहा लाख मात्रांमागे ०.६१. सुमारे २० दिवसांत उद्भवणारी तीव्र, न थांबणारी डोकेदुखी यादीत होती. पण कंसात अट होती : पूर्वी मायग्रेन वा जुनाट डोकेदुखी नसल्यास. अट समजण्याजोगी, अन्यथा अर्धशिशीचा प्रत्येक झटका संशयित ठरता. तरीही अर्धशिशी गुठळीपासून संरक्षण देत नाही. लशीची साधी डोकेदुखी बहुधा एक-दोन दिवसांत शमते. गुठळीची सहसा चार-पाच दिवसांनंतर सुरू होते. तीव्र वेदना ज्यांच्या (माझ्याही) ओळखीची, त्यांना हा दिवसांचा हिशेबच सांगायला हवा होता.