एका क्लिकचा माग

सर्च इंजिनने दाखविलेल्या यादीतील दुव्यावर क्लिक केले, की त्याच्याशी असलेला आपला संबंध संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कोणता शब्द शोधला, कितव्या क्रमांकाचा दुवा उघडला आणि किती वेळाने यादीकडे परतणे झाले, याचीही नोंद होते. ती कोणाची, हे ओळखण्यासाठी संगणकावर 'कुकी' नावाची खूण ठेवलेली असते. लगेच परतणे म्हणजे उत्तर असमाधानकारक, असा ढोबळ अर्थ लावला जातो. गुगलची 'नॅव्हबूस्ट' प्रणाली निकालांच्या क्रमवारीसाठी १३ महिन्यांच्या क्लिकचा आधार घेते, हे अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात २०२३ साली झालेल्या साक्षीतून उघड झाले.

नाव वगळल्याने अशा नोंदी निनावी होतातच असे नाही. २००६ साली 'एओएल'ने सुमारे ६ लाख ५० हजार व्यक्तींचे शोध व क्लिक, नावांऐवजी क्रमांक देऊन प्रसिद्ध केले. तरीही पत्रकारांनी निव्वळ शोधशब्दांवरून एका महिलेला हुडकून काढले. कुकी पुसल्याने संगणकावरील खूण जाते. कंपनीच्या दप्तरी झालेली नोंद मात्र त्याने पुसली जात नाही.