गणती आणि शुश्रूषा : पैनगंगाकाठच्या मनोरुग्णसेवेचा इतिहास

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिण तीरालगत असलेले भीमपूर हे मंडल, म्हणजे तालुक्याहून लहान असा तेलंगणातील महसुली विभाग, 2016 च्या जिल्हा-पुनर्रचनेत स्वतंत्र झाले. परंतु तेथील मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलणारी वस्ती व नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्याशी असलेली तिची सोयरीक त्याहून कितीतरी जुनी आहे. या पट्ट्यातील मनोरुग्णासाठी रुग्णालय नेहमीच दूरच्या शहरात राहिले, आणि ते शहर कोणते हे बहुधा राज्याच्या सीमेने ठरवले. म्हणूनच मनोरुग्णालयाच्या कक्षात रुग्णाला मिळणारी वागणूक कशी बदलत गेली, हे पाहताना भीमपूरच्या बाजूने पाहणे उपयुक्त ठरते. कारण तेथून पाहिल्यास परिचारिकेची माया हा तिचा वैयक्तिक सद्गुण एवढाच विषय उरत नाही, तर कक्ष कोणाच्या हाती आहे, तेथील दिवसाची आखणी कोण करतो आणि रुग्णाची भाषा तेथे कोणाला कळते, हे प्रश्न पुढे येतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात 1858 च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना वेड्यांची इस्पितळे काढण्याचा अधिकार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक समजल्या गेलेल्या व्यक्तीला पोलिसांनी पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि त्याच्या हुकमाने आत पाठवावे, अशी या कायद्याची रीत होती. नागपूरचे इस्पितळ 1864 मध्ये सुरू झाले. 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेल्यावर पैनगंगेच्या उत्तर तीरावरील गावे नागपूरच्याच प्रशासनाखाली आली. पश्चिमेकडे येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी येथे अशीच इस्पितळे उभी राहिली. या संस्थांवरची देखरेख प्रथम तुरुंगांच्या महानिरीक्षकाकडे होती, आणि त्याचा ठसा उंच भिंती, गजांच्या खोल्या व कुलपे यांच्याप्रमाणेच कर्मचाऱ्यांच्या कामावरही उमटला. कक्षात दिवसरात्र असणारा माणूस शुश्रूषेसाठी नेमलेला नव्हता, तो राखणदार होता. कोणी पळू नये, कोणी कोणाला मारू नये आणि जेवणाच्या वेळी संख्या जुळावी, एवढ्यावर त्याची कामगिरी मोजली जाई.

नदीच्या दक्षिण तीराची कथा वेगळी आहे. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. संस्थानाचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठवाड्यातील जालना येथे होते. जालना भीमपूरहून दूर असले, तरी मराठी मुलखातच होते. संस्थानाचा दरबारी व्यवहार उर्दूत चाले. पण इस्पितळाच्या भिंतीबाहेरचा बाजार आणि भोवतालची खेडी यांची बोली पैनगंगाकाठच्या मराठी रुग्णाला परकी नव्हती. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, 1950 च्या दशकाच्या आरंभी हे रुग्णालय हैदराबादजवळील एर्रागड्डा येथे हलवण्यात आले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके द्विभाषिक मुंबई राज्याकडे गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. या दोन घटनांमुळे भीमपूर परिसरातील मराठी रुग्णाचे सरकारी मनोरुग्णालय सुमारे 300 किलोमीटर दक्षिणेला, तेलुगू व दख्खनी भाषेच्या शहरात गेले, तर त्याची भाषा बोलणारे नागपूरचे रुग्णालय अंतराने जवळ असूनही दुसऱ्या राज्यात राहिले.

युरोपात 1858 च्या कायद्यापूर्वीच एक वेगळा विचार रुजला होता. इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी 1796 मध्ये सुरू केलेल्या आश्रमात साखळीऐवजी काम, नियमित दिनक्रम आणि सभ्य संभाषण यांवर भर होता, आणि लंडनजवळील हॅनवेलच्या मनोरुग्णालयात जॉन कॉनोली यांनी 1839 पासून रुग्णाला पट्ट्यांनी व साखळदंडांनी जखडण्याची पद्धत बंद केली. या प्रयोगांचे मर्म असे की, बंधन काढायचे तर त्याच्या जागी माणूस उभा करावा लागतो. साखळी स्वस्त पडते, तर रुग्णाशेजारी बसून राहणारा शिकलेला सेवक महाग पडतो. हिंदुस्थानात तो खर्च करण्याची सरकारची तयारी नव्हती. 1905 मध्ये इस्पितळे तुरुंग खात्याकडून सिव्हिल सर्जनकडे आली, 1912 च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्याची वाट उघडली, आणि 1920 नंतरच्या काही वर्षांत त्यांना मनोरुग्णालय हे नाव मिळाले. परंतु कक्षातला राखणदार बहुतेक ठिकाणी तोच राहिला. 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालासाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील 19 मनोरुग्णालये पाहिली, तेव्हा अवघ्या देशासाठी सुमारे 10 हजार खाटा होत्या आणि प्रशिक्षित परिचारिकांचा तुटवडा हा या संस्थांचा मोठा दोष म्हणून नोंदवला गेला.

हा दोष दूर होण्यास 1950 च्या दशकात सुरुवात झाली. 1952 पासून क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आले आणि भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता यांनी ग्रासलेला रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत येऊ लागला. त्यामुळे त्याच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न प्रथमच व्यवहाराचा झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, असा विचार ग्रंथरूपाने मांडला. भारतात बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे आजच्या निम्हान्सच्या पूर्वसंस्थेने, 1956 मध्ये मनोविकृती परिचर्येची पदविका सुरू केली. सामान्य परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला मनोरुग्णाचे निरीक्षण, संवाद व पुनर्वसन यांचे खास शिक्षण देणे हा तिचा हेतू होता. याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णासोबत राहू दिले, आणि घरचे माणूस जवळ असले की रुग्ण लवकर सावरतो व घरी परत घेतला जातो, असा अनुभव आला.

या शिक्षणाने कक्षाची उतरंड बदलली. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. तिच्याखाली एकेका कक्षाची जबाबदारी सांभाळणारी परिसेविका, जिला बोलण्यात इन्चार्ज सिस्टर म्हणतात. त्यानंतर पाळीवर काम करणाऱ्या अधिपरिचारिका आणि शेवटी कक्षसेवक व आया, अशी रचना आहे. डॉक्टर राउंड घेऊन जातो, तर परिसेविका पाळीभर कक्षात असते. त्यामुळे कक्षाचा स्वभाव बव्हंशी तिच्यावर अवलंबून असतो. पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्याची, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याची पद्धत जवळून पाहिली, तर हे ध्यानात येते. रुग्णांची गणती होते, कात्री, सुया आणि किल्ल्या मोजून ताब्यात घेतल्या जातात, ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत त्याच्याजवळ नाडी, पट्टा किंवा दोरी नाही याची खात्री केली जाते, आणि गोळी जिभेखाली न ठेवता गिळली का, हे पाहिले जाते. यातील प्रत्येक कृती तुरुंगातही शोभली असती. परंतु चांगली परिसेविका डोकी मोजून थांबू देत नाही: कोण रात्रभर जागा होता, कोणी दोन दिवस जेवणाला हात लावलेला नाही, कोणाच्या घरून महिनाभर कोणी आले नाही, कोण आज प्रथमच आपणहून बोलला, हे ती प्रत्येक नावापुढे सांगायला लावते. तीच गणती मग शुश्रूषेचे साधन होते.

हे घडण्यासाठी परिचारिकेला स्वतःलाही आधार लागतो. लंडनमधील एका सर्वसाधारण रुग्णालयाच्या अभ्यासावरून इझाबेल मेंझीस यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिले की, दुसऱ्याच्या दुःखाच्या सतत सहवासाने येणारी भीती झाकण्यासाठी परिचारिका कामाचे तुकडे करतात, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखतात आणि निर्णय वरच्यांवर ढकलतात. मनोरुग्ण कक्षात ही भीती अधिक असते, कारण तेथे शिवी, थुंकी आणि प्रसंगी मारही सोसावा लागतो. मार खाल्लेल्या परिचारिकेची विचारपूस न करता केवळ घटनेचा खुलासा मागणारी व्यवस्था तिच्याकडून रुग्णासाठी सौजन्य मागू शकत नाही. म्हणून कक्षाचे नेतृत्व हे हुकूम सोडण्यापेक्षा कर्मचाऱ्यांना सावरण्याचे काम अधिक आहे.

शिक्षण बदलले तरी संस्था मागे राहिल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या महाजन समितीला महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेत लक्ष घालावे लागले, आणि 1999 च्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अहवालात, देशातील 37 मनोरुग्णालयांच्या पाहणीनंतर, अनेक ठिकाणी तुरुंगासारखी रचना कायम असल्याचे नमूद झाले. इस्पितळाचा धाक आणि अंतर यांमुळे असंख्य कुटुंबे भगताकडे, महानुभावांच्या देवस्थानांकडे किंवा बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे वळत राहिली. तेथे रुग्णाला सोबत आणि नात्यागोत्याचा आधार मिळे, हे खरे. पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रमवजा निवाऱ्याला आग लागून साखळीने बांधलेले 28 रुग्ण मरण पावले, तेव्हा श्रद्धेच्या आवारातही राखणदारीच चालू असल्याचे देशाला दिसले.

2018 मध्ये अमलात आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक प्रथेला नाव घेऊन हात घातला. साखळीने बांधणे, भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचा उपचार करणे आणि एकांतकोठडी यांना त्याने बंदी केली. सक्तीने डोके भादरणे व गणवेश लादणे यांपासून रुग्णाला संरक्षण दिले. आणि रुग्णाला आवरून धरण्याची वेळ आलीच, तर तात्काळ इजा टाळण्यास दुसरा उपाय नसेल तेव्हाच, लागेल तेवढ्याच वेळापुरते, कारणाची नोंद करून तसे करावे, असे ठरवले. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे, हेही या कायद्यात आहे.

भीमपूरच्या दृष्टीने शेवटची तरतूद सर्वांत मोलाची आहे. आदिलाबाद शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि महाराष्ट्र शासनाने अलीकडे, मराठवाड्याची गरज ओळखून, जालन्यातच नव्या मनोरुग्णालयाला मंजुरी दिली आहे. अंतराची जुनी अडचण अशी थोडी कमी होत आहे. परंतु भास कोणत्या शब्दांत ऐकू येतात, झोप का लागत नाही, घरी परतल्यावर कोणाची भीती वाटते, हे रुग्ण आपल्या बोलीतच सांगू शकतो, आणि ते प्रथम ऐकते ती पाळीवरची परिचारिका. सीमेवरील जिल्ह्याच्या रुग्णालयात मराठी, गोंडी आणि कोलामी जाणणाऱ्या परिचारिका नेमणे, त्यांना मनोविकृती परिचर्येचे शिक्षण देणे आणि कक्षाचे अधिकार अनुभवी परिसेविकेच्या हाती सोपवणे, ही दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी करावयाची कामे आहेत. ती झाल्याखेरीज पैनगंगाकाठच्या रुग्णापुरता हा कायदा कागदावरच राहील.