रुमालाखालचा युरोप

युरोप पाहून आलेला मराठी माणूस आधी तिथल्या स्वच्छतेबद्दल बोलतो, मग गाड्यांच्या वक्तशीरपणाबद्दल, आणि शेवटी आवाज खाली आणून चहाच्या किमतीबद्दल. मी नेकनूरचा. आमच्याकडे परगावाहून आलेल्याला पहिला प्रश्न असतो, ‘बाजार कसा होता?’ त्यामुळे पुतण्याने तिकडे बोलावलं तेव्हा मी त्याला आधीच सांगून टाकलं, की चित्रं-पुतळे दोन कमी दाखव, पण बाजार चुकवू नकोस.

नेकनूर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बीडहून मांजरसुंब्याला यायचं आणि केजच्या रस्त्याला लागायचं. बंकटस्वामींचं गाव. सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाची प्रजा. खिशात निजामाचा हाली रुपया, आणि बाहेरच्या व्यापाऱ्याकडे इंग्रजांचा कलदार. दोन्हींचा भाव वेगळा. जुने व्यापारी हा हिशेब पान लावता लावता तोंडी करत. 1 जानेवारी 2002 रोजी युरोची नाणी-नोटा आल्या आणि बारा देशांतलं हे हाली-कलदार प्रकरण एका रात्रीत संपलं. सोय झाली खरी, पण पान लावणाऱ्यांची गंमत गेली.

पहिला बाजार हांबुर्गचा, मासळीचा. तो रविवारी भरतो, तोही पहाटे. उन्हाळ्यात पाचला सुरू होतो आणि साडेनवाला आवरतो. एवढी घाई कशाची? तर 1703 साली रविवारच्या विक्रीला परवानगी मिळाली ती मासे नासू नयेत म्हणून. मात्र चर्चची वेळ होण्याआधी दुकान आवरायचं, ही अट. देवाला आणि माशाला, दोघांनाही थांबवून ठेवता येत नाही, हे त्या कारभाऱ्यांना नेमकं कळलं होतं. आता तिथे माशांबरोबर केळी, फुलझाडं, टोप्या असं सगळं विकतात. विक्रेते गाडीवर उभे राहून असे ओरडतात, की क्षणभर मला आमच्या बाजारातला कांदेवालाच जर्मन शिकून आलाय असं वाटलं. शनिवारची रात्र जागवलेली पोरं आणि साडेचारला उठलेल्या आजीबाई एकाच गाड्यावर मासा घातलेला पाव खात होत्या. भाव कमी करतात का, हे मी विचारून पाहिलं. करतात! साडेनऊ वाजत आले की आमच्या मेथीच्या जुडीसारखे करतात.

पण खरा बाजार पाहिला तो हॉलंडमधल्या अल्कमार गावचा. चीजचा. चीजची पिवळीधमक चाकं दगडी चौकात रांगेने मांडलेली. ती वाहणाऱ्या हमालांची संघटना 1593 सालची. पांढरे कपडे, डोक्यावर गवती हॅट, चार टोळ्यांचे चार रंग. दोघे हमाल खांद्याला पट्टे अडकवून मधल्या लाकडी पाळण्यात शंभर किलोंच्या वर माल घेतात आणि चक्क पळत सुटतात, तेही एका विशिष्ट डुलत्या चालीत. कामाला उशिरा येणाऱ्याचं नाव लिहायला त्यांच्याकडे एक फळा आहे. हा फळा आपल्या कचेऱ्यांत लावायचा म्हटलं तर भिंती पुरायच्या नाहीत.

पारखी येतो, चीजमध्ये पोकळ सळई खुपसून आतला तुकडा काढतो, वास घेतो, चाखतो. आम्ही बैलाचे दात बघतो तसंच हे. आदत आहे, दुसा आहे, की जुळलेला आहे, ते जनावराच्या तोंडात बघितल्याशिवाय आमचा माणूस मालकाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही. मग सौदा. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या हातावर टाळ्या देत भाव पुकारतात. एक टाळी, एक भाव. शेवटची टाळी बसली की सौदा पक्का.

माझे डोळे चमकले. कारण आमच्या जनावरांच्या बाजारातही सौदा हातानेच होतो, पण रुमालाखाली. दलाल आपला हात गिऱ्हाइकाच्या हातात देतो, वरून उपरण्याचं टोक टाकतो, आणि आत बोटं बोलू लागतात. दोन बोटं धरली म्हणजे दोन. दोन काय, शंभर की हजार, हे जनावर बघून दोघांनाही कळलेलं असतं. तोंडं गप्प. भोवती वीस माणसं उभी, पण कुणाला पत्ता नाही. लहानपणी मला ही चोरी वाटायची. 1972 च्या दुष्काळात मात्र रुमालाचा उपयोग कळला. कडबा संपलेला माणूस दावणीचा बैल घेऊन उभा असतो. तो किती खाली आला, हे त्याच्या गावाला कळू नये. उद्या सोयरिकीला त्याच गावात बसायचं असतं. उपरण्याचं ते टोक बैलाची किंमत झाकत नव्हतं, माणसाची झाकत होतं.

अल्कमारच्या टाळ्या मात्र सगळ्यांच्या देखत चालल्या होत्या. पुतण्या म्हणाला, “काका, हे नुसतं दाखवायला. खरा व्यवहार कधीच कंपन्यांच्या करारात झालेला असतो. दर शुक्रवारी उन्हाळाभर खेळ होतो, आणि माल पुन्हा ट्रकमध्ये चढतो.” मला नाटकातली भाकरी खाल्ल्यासारखं झालं.

बाकीच्या दोन बाजारांची तर जागाच शिल्लक. पॅरिसच्या मध्यावर लोखंडी मंडपांचा ‘ले आल’ नावाचा प्रचंड भाजीबाजार होता. तो 1969 मध्ये गावाबाहेर रंजीसला नेला, 1971 पासून मंडप पाडले, आणि तिथे कित्येक वर्षं नुसता खड्डा होता. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधली भाजी 1974 साली गेली. आता तिथे साबण आणि भेटवस्तू मिळतात.

शेवटी पुतण्याच्या हट्टाने एका बड्या हॉटेलात चहाला गेलो. या महालांचा इतिहास मला आवडतो, कारण त्याची सुरुवात खेड्यातून होते. सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्डच्या शेतकऱ्याचा तेरावा मुलगा. लंडनचं सॅव्हॉय 1889 मध्ये उघडलं, त्याची व्यवस्था त्याने बघितली. तिथून काढून टाकल्यावर 1898 साली पॅरिसला स्वतःच्या नावाचं हॉटेल सुरू केलं. आणि अशा महालांत उतरणाऱ्या राजांमध्ये आपले सयाजीराव गायकवाड. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा, 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला निघाला. वाढणारा खेड्यातला, जेवणारा खेड्यातला. मध्ये फक्त झुंबरं.

आम्ही गेलो ते हॉटेल या दोन्हींपैकी नव्हे. मला दिलेल्या मेन्यूत पदार्थ होते, किमती नव्हत्या. म्हटलं, छापायच्या राहिल्या. पुतण्याने कानात सांगितलं, “पाहुण्याला किमती दाखवत नाहीत. यजमानाच्याच कार्डावर असतात.” बिलही कातडी पाकिटात बंद होऊन आलं. वेटरने ते टेबलावर असं ठेवलं, जसं काही त्यात वाईट बातमी आहे. पुतण्याने पाकीट किंचित उघडलं, मिटलं, आणि गप्प झाला.

“किती?” मी विचारलं.

“राहू द्या काका.”

पण पोरगा शेवटी नेकनूरचा. मी मांडीवरचा नॅपकिन त्याच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. त्याने मुकाट्याने माझी चार बोटं धरली. “दहा?” मी हळूच विचारलं. त्याने जनावर बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने एक बोट सोडलं, आणि मला कळलं की हे पोरगं मला कमी सांगतंय.

परतीच्या गाडीत त्याला एक कल्पना सुचली. आपल्याकडे आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले होते. “आपणही अल्कमारसारखं करूया ना. दलालांना एका रंगाचे फेटे. दहा वाजता घंटा. रुमालाखालच्या सौद्याचा खेळ. लोक तिकीट काढून येतील.”

“आणि बैल?” मी विचारलं.

“भाड्याने आणू,” तो म्हणाला.